अमेरिकेत फाल्कनरीचा परवाना: परीक्षेच्या आधी एक हिवाळा कुणाच्या तरी मागे चाला

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी अमेरिकेत नोकरी करतो. लहानपणापासून शिकारी पक्ष्यांचं वेड आहे. इथे रीतसर परवाना काढून हॉक किंवा ससाणा पाळता येतो असं कळलं. परीक्षा कुठे द्यायची, तयारी काय लागते आणि परवाना किती दिवसांत हातात पडतो?"

मी इथे अप्रेंटिस, म्हणजे शिकाऊ, म्हणून सुरुवात केली, मधली पायरी पूर्ण केली आणि आता मास्टर परवान्यावर पक्षी उडवते. माझ्याकडे शिकायला येणारा जवळजवळ प्रत्येक जण हाच प्रश्न याच क्रमाने विचारतो: आधी परीक्षा, मग वेळ, मग पैसे. माझं म्हणणं आहे की हा क्रम उलटा करा. परीक्षा हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे. आधी एखाद्या फाल्कनरबरोबर एक हिवाळाभर रानात चाला, काट्याकुट्यांत ससे उठवा, पक्ष्याच्या मागे धावा. त्यानंतरही मन तयार असेल तर बाकी कागदपत्रं जमतात.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच. तुम्ही "पाळता येतो" असा शब्द वापरलात. कायद्याच्या दृष्टीने फाल्कनरी म्हणजे शिकारी पक्ष्याची देखभाल करणं, त्याला शिकवणं आणि त्याच्यासह रानातलं सावज धरणं. घराच्या अंगणात शोभेसाठी हॉक ठेवायला परवाना मिळत नाही. शिकार बघवत नसेल, सशाची किंकाळी ऐकून हात थरथरणार असतील, तर त्यात कमीपणा काहीच नाही. मग जखमी पक्ष्यांच्या शुश्रूषा केंद्रात स्वयंसेवक व्हा. पक्ष्यांजवळ राहण्याचा तोही उत्तम मार्ग आहे.

आता कायद्याची चौकट. अमेरिकेत स्थलांतरित पक्ष्यांच्या संरक्षणाचा कायदा 1918 चा आहे. पण ससाणे, हॉक, गरुड, घुबडं त्याच्या छत्राखाली आली ती 1972 मध्ये, मेक्सिकोशी असलेल्या करारात दुरुस्ती झाली तेव्हा. त्यानंतर 1976 मध्ये फाल्कनरीचे पहिले फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचे, नियम आले. बराच काळ फेडरल आणि राज्याचा असे दोन परवाने लागायचे. 2008 मध्ये नियम नव्याने लिहिले गेले आणि 1 जानेवारी 2014 पासून फेडरल परवाना बंद झाला. आता परवाना फक्त तुमच्या राज्याचं वन्यजीव खातं देतं. फेडरल नियम मात्र किमान मर्यादा म्हणून कायम आहेत. राज्य त्याहून कडक होऊ शकतं, सैल होऊ शकत नाही. म्हणून मी खाली जे सांगते ते फेडरल किमान आहे. वय, फी, पक्षी पकडण्याचा हंगाम, कुठला पक्षी चालतो हे तुमच्या राज्याच्या नियमपुस्तिकेत शब्द न् शब्द वाचा. हवाई सोडून बाकी 49 राज्यांत फाल्कनरीला परवानगी आहे.

पहिली पायरी अप्रेंटिसची. फेडरल नियमाने वय किमान 12 हवं. 18 च्या आत असाल तर आई-वडील किंवा पालक अर्जावर सही करतात आणि कायदेशीर जबाबदारी त्यांची असते. लेखी परीक्षेत किमान 80 टक्के गुण, पक्ष्याच्या जागेची तपासणी आणि एका स्पॉन्सरचं पत्र एवढं जमलं की परवाना निघतो. कागदावर एवढंच आहे.

स्पॉन्सरपाशी बहुतेकांचं घोडं अडतं. स्पॉन्सर म्हणजे जनरल किंवा मास्टर परवाना असलेला, किमान 18 वर्षांचा फाल्कनर, ज्याला जनरल पायरीवर किमान 2 वर्षांचा अनुभव आहे. पत्रात तो लिहून देतो की पक्ष्याची निगा आणि शिकवण, नियम, तुमच्यासाठी कुठला पक्षी योग्य, या सगळ्यात मी याला मदत करेन. या कामाचे कुणी पैसे घेत नाही. तो आपले हिवाळ्यातले मोजके शनिवार-रविवार तुम्हाला देतो आणि तुमच्या हातून पक्षी मेला तर ते त्यालाही लागतं. त्यामुळे "मला स्पॉन्सर हवाय, सही कराल का?" अशा पहिल्याच ईमेलला उत्तर आलं नाही तर वाईट वाटून घेऊ नका. मलाही अशा ईमेलला काय लिहावं ते कळत नाही. समोरच्या माणसाने कधी पक्षी उडताना पाहिलाय का, पहाटे उठतो का, काहीच माहीत नसतं.

त्यापेक्षा राज्याच्या फाल्कनरी क्लबला लिहा. जवळजवळ प्रत्येक राज्यात असा क्लब आहे, आणि देशपातळीवर 1961 पासून नॉर्थ अमेरिकन फाल्कनर्स असोसिएशन आहे. क्लबच्या हिवाळी मेळाव्याला जा. तिथे विचारा, "उद्या तुम्ही शिकारीला जाताय, मी झुडपं झोडपायला येऊ का?" या एका वाक्याला नकार देणारा फाल्कनर मी अजून पाहिलेला नाही. ससा आपणहून उठत नाही. कुणीतरी काठी घेऊन झाडोऱ्यात शिरावं लागतं. असे पाच-सहा शनिवार तुम्ही चिखलात काढलेत की स्पॉन्सर मागायची वेळ बहुधा येतच नाही, तोच विषय काढतो. माझ्या गुरूंनी पहिल्या दिवशी माझ्याशी जेमतेम दहा वाक्यं बोलली असतील. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी मेलेला ससा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, याचं पोट साफ करून दाखव. मी केलं. त्या संध्याकाळी त्यांनी विचारलं, जागा कुठे बांधणार आहेस?

परीक्षेबद्दल फार लिहीत नाही. पक्ष्यांची ओळख, शरीररचना, आजार, निगा, साधनं आणि नियम यांवर प्रश्न असतात. कॅलिफोर्निया हॉकिंग क्लबचं अप्रेंटिससाठीचं अभ्याससाहित्य इतर राज्यांतले लोकही वापरतात. त्यातला आजारांचा भाग केवळ गुणांसाठी पाठ करू नका. ॲस्परजिलोसिस या बुरशीच्या रोगात श्वासाला त्रास होतो, आवाज बदलतो. बंबलफूटमध्ये तळपाय सुजून पू धरतो. कबुतर खाऊ घातल्याने फ्राउन्स हा तोंडा-घशाचा संसर्ग होऊ शकतो. उंदीर मारायच्या विषाने मेलेला उंदीर पक्ष्याने खाल्ला तर तेच विष पक्ष्यात उतरतं. शिसं असलेल्या छऱ्यांनी मारलेलं सावज खाऊ घालणंही तितकंच घातक. 2022 पासून पसरलेल्या बर्ड फ्लूमुळे बदकांची शिकार करणारे आम्ही सगळेच जास्त सावध झालो आहोत. या गोष्टी परीक्षेनंतरही रोज कामी येतात. आणि अर्ज करण्याआधीच शिकारी पक्ष्यांवर उपचार करणारा पशुवैद्य शोधून ठेवा. कुत्र्या-मांजरांचा डॉक्टर कितीही चांगला असला तरी तो या कामी पुरेल असं नाही.

जागा, म्हणजे म्यूज. पक्षी मोकळा ठेवणार असाल तर आत उडता येईल एवढी, बांधून ठेवणार असाल तर पंख पूर्ण पसरता येतील आणि फडफडताना पिसं मोडणार नाहीत एवढी जागा हवी. योग्य बैठक, ऊन आत येईल अशी निदान एक खिडकी, रॅकून, कुत्री, मांजरं, मोठी घुबडं यांपासून संरक्षण. खिडकीला गज लावताना दोन गजांमधलं अंतर पक्ष्याच्या अंगाच्या रुंदीपेक्षा कमी असावं. कोंबड्यांच्या खुराड्याची षटकोनी जाळी लावू नका. पक्षी तिला धडकून चोच-नाक सोलून घेतो. मी पहिल्या म्यूजमध्ये दार नीट बसवलं होतं, पण दारापुढे दुसरं दार केलं नव्हतं. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याने नियमावर बोट ठेवलं नाही, नुसतं विचारलं, "तुम्ही आत शिरताना पक्षी तुमच्या खांद्यावरून बाहेर गेला तर?" मी त्याच आठवड्यात पुढे छोटी खोली जोडली. आता माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी दोन दारं करायला लावते.

साधनांत चामड्याचे किंवा तत्सम मऊ, मजबूत जेस म्हणजे पायातले पट्टे, स्विव्हल म्हणजे दोराला पीळ बसू न देणारी फिरती कडी, दोर, अंघोळीची परात आणि वजनकाटा हे लागतं. नियम म्हणतो काटा 15 ग्रॅम किंवा त्याहून बारीक फरक दाखवणारा असावा. तुम्ही 1 ग्रॅमचाच घ्या.

भाड्याच्या घरात राहत असाल तर इथे नीट लक्ष द्या. जागा तुमच्या मालकीची नसेल तर घरमालकाकडून तारखेसह सही केलेलं पत्र लागतं, ज्यात तो मान्य करतो की अधिकारी आगाऊ सूचना न देता येऊन तपासणी करू शकतात. बऱ्याच घरमालकांचा पाय इथेच मागे येतो. शिवाय कॉलनीच्या रहिवासी संघाचे नियम वेगळे. म्यूज बांधून झाल्यावर नोटीस येण्यापेक्षा आधी विचारलेलं बरं. राज्याचा फाल्कनरी परवाना हातात असला तरी रहिवासी संघाचा नियम तो मोडत नाही.

हे सगळं झालं की पक्षी. अप्रेंटिसला एकच पक्षी ठेवता येतो. रानातून धरायचा तर एक वर्षाच्या आतला, पण घरट्यातलं पिल्लू नाही. आणि माणसालाच आपला जातभाई समजून वाढलेला, म्हणजे इम्प्रिंट झालेला पक्षीही अप्रेंटिसला चालत नाही. गरुड, बहिरी ससाणा, स्वेन्सन्स हॉक असे काही पक्षी अप्रेंटिसला रानातून धरता येत नाहीत. नवशिक्यांच्या हातावर बहुतेक वेळा रेड-टेल्ड हॉक दिसतो, आणि माझाही सल्ला तोच. तो देशभर आढळतो, अंगाने दणकट, ससे आणि खारी धरतो आणि नवशिक्याच्या चुका सोसतो. खारींच्या मागे जाणार असाल तर पक्ष्याच्या पायांना संरक्षक पट्ट्या घाला, कारण खार उलटून बोटाला कडकडून चावते. अमेरिकन केस्ट्रेल, म्हणजे आपल्याकडच्या खरुचीचा भाऊबंद, दिसायला गोड आणि स्वस्त वाटतो. पण त्याचं वजन शंभर-सव्वाशे ग्रॅम. त्यात चार-पाच ग्रॅमची चूक झाली तर सकाळी तो बैठकीखाली पडलेला सापडतो. पहिला पक्षी म्हणून मी तो कुणालाच सुचवत नाही.

एक वर्षाच्या आतला रेड-टेल ओळखायला सोपा. त्याची शेपटी लाल नसते. तपकिरी, आडव्या पट्ट्यांची असते. लाल पिसं पहिल्या पिसगळीनंतर येतात. शरद ऋतूत रस्त्याकडेच्या खांबावर बसलेला असा तरुण पक्षी दिसला की आम्ही त्याच्यापुढे सापळा टाकतो. त्या सापळ्याचं नाव ऐकून मी पहिल्यांदा थबकले होते: बाल-छत्री! तारेच्या जाळीचा छोटा पिंजरा, आत सुरक्षित उंदीर, वर मासेमारीच्या दोऱ्याचे डझनावारी फास. पक्षी उंदरावर झेपावतो आणि त्याची बोटं फासात अडकतात. नाव आणि मूळ कल्पना दोन्ही भारतातली, आणि इथला अमेरिकन गुरू ते नाव आपल्या उच्चारात सहज घेतो.

रानातून पक्षी धरणं काहींना क्रूर वाटतं, म्हणून एवढं सांगते. रेड-टेलच्या दरवर्षीच्या पिल्लांपैकी निम्म्याहून अधिक पहिलं वर्ष पार करत नाहीत. भूक, गाड्या, विजेच्या तारा, मोठी घुबडं. आम्ही धरतो तो त्या गटातलाच एक, आणि आमच्याकडे त्याचा पहिला हिवाळा भरल्या पोटी निघतो. एक माणूस वर्षाला रानातून जास्तीत जास्त दोन पक्षी घेऊ शकतो. पक्षी धरला, दुसऱ्याला दिला, हरवला, मेला, सोडला, काहीही झालं तरी 10 दिवसांत 3-186ए या फॉर्मवर नोंद करायची असते. ती विसरू नका. रानात पक्षी घेऊन फिरताना परवाना किंवा त्याची प्रत खिशात हवी. शिवाय राज्याचा शिकार परवाना वेगळा, सावजाचे हंगाम वेगळे, खासगी जमिनीवर मालकाची परवानगी वेगळी. पुढे बदकांमागे गेलात तर 16 किंवा त्याहून अधिक वयाच्या प्रत्येकाला 25 डॉलरचा फेडरल डक स्टॅम्पही लागतो.

आता ज्याला मी खरी परीक्षा म्हणते ते वजन. पक्षी आपल्याकडे प्रेमाने परत येत नाही, भुकेने येतो. पण भूक आणि उपासमार यांच्यामधली रेघ बारीक असते, आणि थंडीत ती रोज सरकते. माझी पहिली मादी धरली तेव्हा 1,180 ग्रॅम होती. हळूहळू उतरवत मी तिला 1,050 च्या आसपास आणलं. तिथे ती हातावर झेप घेऊ लागली, लांब दोरीवर पन्नास यार्डांवरून येऊ लागली. मला वाटलं, आकडा सापडला. मग कडाक्याची थंडी पडली. काटा 1,035 दाखवत होता, मी तेवढंच खाऊ घालत राहिले आणि तिसऱ्या दिवशी ती पिसं फुगवून, डोळे अर्धे मिटून बसली. मला ती शांत झाल्यासारखी वाटली, अगदी माणसाळल्यासारखी. गुरूंना फोटो पाठवला तर ते गाडी काढून आले. त्यांनी तिच्या छातीच्या हाडावरून दोन बोटं फिरवली आणि माझी बोटं तिथे ठेवली. हाडाची धार सुरीसारखी लागत होती. काटा तोच, पण थंडीने तिने स्वतःचं मांस जाळलं होतं आणि पोटात पडलेलं अन्न काट्यावर वजन भरून दाखवत होतं. त्या दिवसापासून पुढचा आठवडा तिला उडवलं नाही. कोमट पाण्यात भिजवलेलं लाव्याचं मांस बारीक तुकडे करून दिवसातून तीनदा. ती सावरली. तेव्हापासून काट्यावर ठेवण्याआधी मी बोटांनी छाती चाचपते आणि आकड्यासोबत रात्रीचं तापमानही वहीत लिहिते.

वेळेचं म्हणाल तर हंगामात रोज दीड-दोन तास, आणि तेही दिवसाउजेडी. हिवाळ्यात पाच वाजता अंधार पडतो, त्यामुळे ऑफिस सुटल्यावर उडवू हा बेत चालत नाही. माझ्या ओळखीचे नोकरदार फाल्कनर एक तर पहाटे कामाला लागून दुपारी मोकळे होतात किंवा घरून काम करताना दुपारची मोठी सुट्टी घेतात. हा प्रश्न सुटत नसेल तर बाकी काहीही सुटून उपयोग नाही.

आणि भारतात जायचं तर? तुमच्या घरीच, तुमच्या म्यूजमध्ये दुसरा माणूस सलग 45 दिवसांपर्यंत पक्ष्याला सांभाळू शकतो, फक्त त्याने उडवायचा नाही. परवानाधारक फाल्कनरकडे लेखी पत्रासह 120 दिवसांपर्यंत ठेवता येतो. माझ्या फेऱ्या मी पिसगळीच्या उन्हाळ्यातच ठेवते. डिसेंबरातली लग्नं चुकतात.

पैशांत सगळ्यात मोठा खर्च म्यूज आणि ट्रान्समीटरचा. पक्ष्याच्या पाठीवर किंवा पायात लावायचा जीपीएस ट्रान्समीटर काहीशे डॉलरना पडतो, पण त्यात काटकसर करू नका. खाद्य म्हणजे लावे, उंदीर, एक दिवसाची कोंबडीची पिल्लं. त्यासाठी वेगळा फ्रीझर लागतो आणि घरच्यांशी त्यावर आधीच बोलावं लागतं.

पुढच्या पायऱ्या. अप्रेंटिस म्हणून किमान 2 वर्षं, प्रत्येक वर्षी निदान 4 महिने पक्षी सांभाळून, शिकवून, त्याच्यासह शिकार केलेली असली पाहिजे. कुठलाही फाल्कनरी कोर्स करून ही दोन वर्षं कमी होत नाहीत, त्यामुळे तसं आश्वासन देणाऱ्याला पैसे देऊ नका. मग वय किमान 16 असेल आणि अनुभवी फाल्कनरने पत्र दिलं तर जनरल परवाना. तीन पक्ष्यांपर्यंत ठेवता येतात. जनरल म्हणून 5 वर्षं झाली की मास्टर. त्यात रानातले पाच पक्षी ठेवता येतात. बहिरी ससाण्याची घाई करू नका. हा पक्षी डीडीटी या कीटकनाशकामुळे पूर्व अमेरिकेतून नाहीसा झाला होता. डीडीटीवर 1972 मध्ये बंदी आली, आणि 1970 मध्ये टॉम केड यांनी कॉर्नेल विद्यापीठात सुरू केलेल्या पेरेग्रिन फंड या संस्थेने (पेरेग्रिन म्हणजे बहिरी ससाणा) पिंजऱ्यात वाढवलेले पक्षी रानात सोडले. त्या कामात फाल्कनरांची विद्या आणि त्यांचे पक्षी दोन्ही होते. 1999 मध्ये तो धोक्यातल्या प्रजातींच्या यादीतून बाहेर आला. आज त्याला हातावर घ्यायची मुभा आहे ती या सगळ्यामुळे, आणि तो हातावर यावा एवढी तयारी आधी रेड-टेलबरोबर होऊ द्या.

तर आत्ता हिवाळा असेल तर क्लबला लिहा आणि मागे चालायला लागा. वसंतात परीक्षा, उन्हाळ्यात म्यूज आणि तपासणी, शरदात सापळा. असं धरलं तर सुमारे वर्षभरात पक्षी हातावर येतो. त्याहून लवकर करणारे आहेत, पण त्यांच्या पक्ष्यांची मला काळजी वाटते.

पहिला हंगाम संपला की पक्षी ठेवायचा की सोडायचा हे ठरवावं लागतं. अनेक जण रेड-टेल वसंतात परत सोडतात. त्याआधी दोन-तीन आठवडे भरपूर खाऊ घालून वजन पूर्ण वर न्यायचं, राज्याच्या नियमाप्रमाणे योग्य जागा आणि वेळ निवडायची, पायातले पट्टे कापायचे आणि फॉर्म भरायचा. माझी ती मादी मार्चअखेर सोडली तेव्हा काट्यावर 1,260 भरली होती. शेपटी अजून तपकिरीच होती.